लाज : जनाची आणि मनाची

'लाज सोडली' म्हटलं की शिवी, 'लाज राखली' म्हटलं की उपकार. 'लाजली' यात कौतुक असतं, 'लाज आणली' यात घराण्याचा उद्धार. दोन अक्षरांच्या शब्दाला मराठीत एवढी कामं करावी लागतात, याचं कारण त्याच्या मागे अनेक शब्दांचा वारसा येऊन साठला आहे.

शब्दाची वंशावळ सरळ आहे. संस्कृत 'लज्जा' प्राकृतात तशीच राहिली आणि मराठीत येताना जोडाक्षर सुटून आधीचा स्वर लांबला. 'अद्य', 'अज्ज', 'आज' हा प्रवास ज्या वाटेने झाला, तीच ही वाट. पण जुन्या ग्रंथांत लाजेसाठी वजनदार शब्द आहे तो 'ह्री'. बृहदारण्यक उपनिषदात काम, संकल्प, श्रद्धा, धृती यांच्या रांगेत ह्री येते आणि हे सगळं म्हणजे मनच, असं सांगितलं जातं. तैत्तिरीय उपनिषदात गुरू शिष्याला निरोप देताना दान कसं करावं ते सांगतो: 'श्रिया देयम्, ह्रिया देयम्, भिया देयम्'. ह्रीने द्यावं, म्हणजे देतानाही संकोच असावा, मिरवू नये. गीतेच्या 16व्या अध्यायात दैवी संपत्तीच्या यादीत मार्दव आणि अचापल्य यांच्यामध्ये ह्री आहे. हे सांगितलं जातंय अर्जुनाला, रणांगणावर उभ्या असलेल्या योद्ध्याला. लाज हा बायकांचा दागिना, ही समजूत इथे अजून कुठेच नाही.

पाली ग्रंथांत या गोष्टीची फार बारीक चिकित्सा झाली. तिथे शब्दांची जोडीच आहे: 'हिरी' आणि 'ओत्तप्प'. हिरी आतून येते, स्वतःची बूज राखण्यातून. ओत्तप्प बाहेरच्या धाकाने येतं, लोकनिंदेच्या आणि परिणामांच्या भीतीने. अट्ठकथेत, म्हणजे या ग्रंथांवरच्या जुन्या टीकेत, लोखंडाच्या दोन गोळ्यांचा दृष्टान्त आहे. एक थंड, पण विष्ठेने माखलेला. दुसरा तापून लाल झालेला. पहिल्याला हात न लावणं ही हिरी, दुसऱ्याला न लावणं हे ओत्तप्प. जग सांभाळणारे दोन धर्म म्हणून बुद्धवचनात या दोघांचा उल्लेख येतो.

अमरकोश या संस्कृत शब्दकोशाने हाच भेद अर्ध्या श्लोकात बसवला: 'मन्दाक्षं ह्रीस्त्रपा व्रीडा लज्जा सापत्रपान्यतः'. आधी पाच समानार्थी शब्द आणि मग पुस्ती, की हीच लाज दुसऱ्यामुळे वाटली तर ती 'अपत्रपा'. यातला 'मन्दाक्ष' मला विशेष आवडतो. नजर मंदावणं हेच लाजेचं नाव. भरताच्या नाट्यशास्त्रात 33 व्यभिचारी, म्हणजे येत्या-जात्या, भावांत 'व्रीडा' आहे, आणि नटाने ती दाखवायची ती मान खाली घालून, जमिनीवर रेघोट्या ओढून, वस्त्राशी किंवा अंगठीशी चाळा करून. ही व्रीडा सुद्धा मुळात प्रणयातली नव्हे. करू नये ते केल्याने येणारी आहे.

पुढे अर्थ आक्रसला. 'सलज्जा गणिका नष्टा निर्लज्जाश्च कुलाङ्गनाः' हे चाणक्याच्या नावावर चालणारं सुभाषित लाजेचं वाटप करून टाकतं: कुलस्त्रीला ती हवी, गणिकेला परवडणार नाही. पुरुषाच्या लाजेचा त्यात उल्लेखच नाही. अंग झाकण्याला 'लज्जारक्षण' म्हणायचं तेही याच अंगाने. म्हणूनच जनाबाईची ओळ अजून दचकवते: 'डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी'. तिने इथे टाकून दिली आहे ती जनांची लाज. तुकोबांनी शब्द वेगळ्याच ठिकाणी वापरला. 'भिक्षापात्र अवलंबणें, जळो जिणें लाजिरवाणें' असं म्हणताना स्त्रीपुरुषाचा प्रश्नच उरत नाही.

'शरम' फारसीतून आली आणि अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाच्या भाषेपर्यंत तिचा माग लागतो. 'लाजशरम' या जोडशब्दात संस्कृत आणि फारसी शेजारी बसल्या. 'खजील' अरबी, 'अब्रू' फारसी. आब म्हणजे पाणी किंवा तेज, रू म्हणजे चेहरा, तेव्हा अब्रू म्हणजे चेहऱ्यावरचं पाणी. आपल्याकडे लाजेचा जवळजवळ सगळा व्यवहार तोंडावरच चालतो: तोंड लपवणं, तोंड दाखवायला जागा न उरणं, तोंडाला काळं फासणं. डार्विनने 1872 साली भावनांच्या आविष्कारावर लिहिताना चेहरा लाल होण्याला सगळ्यांत जास्त मानवी आविष्कार म्हटलं, ते या म्हणी ठाऊक नसताना. इंग्रजी 'शेम'चं मूळ 'झाकणे' या अर्थाच्या धातूत असावं, असा एक तर्क आहे. तो सिद्ध नाही, पण मोहात पाडणारा आहे.

फ्रेंचमध्ये लाजेची वेगळी फाळणी दिसते, दोन शब्दांत. 'प्युदर' कृत्याआधी अडवते, 'ओंत' कृत्यानंतर जाळते. मराठीत हे काम क्रियापदं करतात: लाज धरायची ती आधी, वाटते ती नंतर. आणि हिरी-ओत्तप्पाची जोडी आपण नामांत राखली नाही, पण वाक्प्रचारात राखली: 'जनाची नाही, तर मनाची तरी'. हे वाक्य उच्चारणारा माणूस मनाच्या लाजेला शेवटचा आसरा मानतो. उपनिषदाने मात्र ती आधी मनातच ठेवली होती.

विसाव्या शतकात या विषयात तिसरा खेळाडू आला, अपराधभाव. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रूथ बेनेडिक्ट यांनी 1946 साली जपानविषयी लिहिताना लाजेवर चालणाऱ्या आणि अपराधभावावर चालणाऱ्या संस्कृती अशी विभागणी केली. ती गाजली, आणि फार ढोबळ म्हणून तिच्यावर टीकाही झाली. हिरीचा विचार केलेल्या वाचकाला ती ढोबळ वाटणारच. कारण आतल्या टोचणीला लाजच म्हणणारी परंपरा या कप्प्यांत मावत नाही.

आता 'बॉडी शेमिंग' सारखे शब्द जसेच्या तसे मराठीत आले आहेत. 'लाजवणे' हे क्रियापद घरातच होतं, तरी ते इथे चालेना. कारण मराठीने त्याचा बराचसा उपयोग स्तुतीसाठी करून ठेवला आहे: तरुणाला लाजवील असा म्हाताऱ्याचा उत्साह, चंद्राला लाजवील असं रूप.