दिसते ते सापडतेच असे नाही

समजा, एका मोठ्या एक्सेल शीटमध्ये ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द शेकडो सेलमध्ये आला आहे. कंट्रोल एफ दाबून तो शोधला, तर काही सेल सापडतात आणि काही तशाच राहून जातात. राहिलेल्या सेल त्याच कॉलममध्ये, डोळ्यांसमोर असतात. शब्द तोच, फॉन्ट तोच, शुद्धलेखनही बरोबर. तरीही काही प्रोग्रॅम आणि फंक्शने म्हणतात, हा शब्द इथे नाही.

असे का होते हे कळण्यासाठी आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. संगणक अक्षर शोधत नाही, तो आकडे जुळवतो. युनिकोड या जागतिक मानकाने प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला एक क्रमांक दिला आहे. ‘क’चा क्रमांक २३२५, ‘य’चा २३५१, पाय मोडण्याच्या चिन्हाचा २३८१. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांनाही स्वतंत्र क्रमांक आहेत. त्यामुळे ‘कि’ लिहिले की वेलांटी डावीकडे दिसते, पण साठवताना आधी ‘क’ येतो आणि मागून वेलांटी. ‘क्ष’ आपल्याला एक अक्षर वाटते. आत मात्र क, पाय मोडण्याचे चिन्ह आणि ष असे तीन क्रमांक ओळीने बसलेले असतात. पडद्यावरचा आकार फॉन्ट तयार करतो. शोधण्याचे काम त्या आकाराखालच्या आकड्यांवर चालते.

आता ‘शेतकऱ्यांना’कडे वळू. यातला ‘ऱ्य’ दोन रीतींनी लिहिला जातो. पहिल्या रीतीत ‘ऱ’ (२३५३), पाय मोडण्याचे चिन्ह (२३८१) आणि ‘य’ (२३५१) असे तीन क्रमांक येतात. दुसऱ्या रीतीत साधा ‘र’ (२३५२), पाय मोडण्याचे चिन्ह, त्यापुढे ‘झीरो विड्थ जॉइनर’ नावाचे न दिसणारे चिन्ह (८२०५) आणि मग ‘य’, म्हणजे चार क्रमांक. दोन्ही रीती युनिकोडला मान्य आहेत. आपण कोणता कीबोर्ड वापरतो त्यावर कोणती रीत उमटेल ते ठरते, आणि टाइप करणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. एक्सेलच्या लेन या फंक्शनने अक्षरे मोजली, तर ‘शेतकऱ्यांना’ची लांबी पहिल्या रीतीत ११ भरते आणि दुसऱ्या रीतीत १२. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात.

ही अडचण मराठीला विशेष जाणवते, कारण हा अर्धा ‘र’ मराठीला पदोपदी लागतो. दऱ्या, वाऱ्यावर, पुढाऱ्यांची, कर्मचाऱ्यांना, सुऱ्या. युनिकोडने देवनागरीची मांडणी भारताच्या १९८८ सालच्या इस्की मानकावरून घेतली. तिथे ‘ऱ’ला जागा मिळाली ती द्राविडी भाषांमधला वेगळा र देवनागरीत लिहिता यावा म्हणून. मराठीने तोच आपल्या अर्ध्या रसाठी वापरला.

‘ॲडव्होकेट’ची गत तर आणखी विचित्र आहे. ‘ॲ’ हे अक्षर (२४१८) युनिकोडमध्ये २००८ साली दाखल झाले. त्याआधी लोक ‘अ’वर अर्धचंद्र देऊन काम भागवत होते, आणि अनेक कीबोर्डांमधून आजही तसेच उमटते. काही कीबोर्ड त्या दोहोंच्या मध्ये अदृश्य जॉइनर घालतात. काही जण हिंदीतला ‘ऍ’ (२३१७) वापरतात. वकिलांच्या एकाच यादीत ‘ॲड.’, ‘अॅड.’, ‘अ‍ॅड.’ आणि ‘ऍड.’ असे चारही प्रकार सुखाने नांदू शकतात. कोणत्याही एका रूपाने शोध घेतला तर बाकीची तीन रूपे सुटण्याची शक्यता असते.

युनिकोडने यावर एक उपाय दिला आहे, तो म्हणजे नॉर्मलायझेशन. समान मानलेल्या क्रमांकमालिका एकाच रूपात आणायच्या आणि मग तुलना करायची. ‘र’खाली नुक्ता म्हणजे टिंब देऊन लिहिलेला ‘ऱ’ आणि २३५३ क्रमांकाचा ‘ऱ’ हे या नियमाने एक होतात. पण जॉइनरवाला अर्धा ‘र’ आणि ‘ऱ’पासूनचा अर्धा ‘र’ यांना युनिकोड समान मानत नाही. ‘अ’ आणि अर्धचंद्र मिळून ‘ॲ’ होतो, असेही मानत नाही. म्हणजे मराठीला जिथे सगळ्यात जास्त गरज आहे, नेमकी तिथेच ही तयार सोय अपुरी पडते. काही प्रोग्रॅम शोधताना अदृश्य चिन्हांकडे दुर्लक्ष करतात, काही जसेच्या तसे जुळवतात. त्यामुळे एकाच फाइलमध्ये एकच शब्द शोधूनही दोन प्रोग्रॅम वेगवेगळी संख्या सांगू शकतात.

इथे एक सोपा वाटणारा उपाय लोक करतात, आणि तो मराठीत घातक आहे. न दिसणारी चिन्हे म्हणजे कचरा, असे समजून ८२०५ क्रमांकाचे चिन्ह सरसकट काढून टाकायचे. हिंदीच्या शीटमध्ये याने फारसे बिघडत नाही. मराठीत मात्र दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या ‘दर्‍या’मधून ते चिन्ह गेले की ‘दर्या’ उरतो, म्हणजे डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांचे आचार्य होतात. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी ‘र, पाय मोडण्याचे चिन्ह, ८२०५’ ही तिघांची मालिका शोधून तिच्या जागी ‘ऱ’ आणि पाय मोडण्याचे चिन्ह घालायचे. ते झाल्यावरच उरलेल्या अदृश्य चिन्हांकडे वळायचे. सबस्टिट्यूट (मजकूर बदलणारे) आणि युनिचार (क्रमांकावरून अक्षर देणारे) ही दोन फंक्शने एकत्र वापरली की एक्सेलमध्ये हे करता येते. एखाद्या अक्षराखाली नेमका कोणता क्रमांक आहे हे पाहायला युनिकोड नावाचेच फंक्शन आहे.

वेबपानावरून मजकूर चिकटवला की असाच एक पाहुणा सोबत येतो. साध्या मोकळ्या जागेचा क्रमांक ३२ आहे; वेबपानांवर अनेकदा १६० क्रमांकाची न तुटणारी मोकळी जागा वापरतात. ट्रिम फंक्शन फक्त ३२ क्रमांकाची काढते, १६०ला हात लावत नाही. नावाच्या शेवटी ती चिकटून राहिली की दोन याद्या जुळवताना माणूस गायब होतो. यादीत नाव सापडले नाही म्हणजे तो माणूस यादीत नाही, असा निर्णय घेतला जाणार असेल, तर एवढी तपासणी करणे ही जबाबदारीच आहे असे मला वाटते.

शोधण्याइतकेच बदलण्याचेही धोके आहेत, आणि ते वेगळ्या जातीचे आहेत. शोध सहसा सेलमधला तुकडाही जुळवतो. ० शोधून त्या जागी काहीच नको असे सांगितले, तर १०० चे १ होते आणि १०५ चे १५. ‘मॅच एन्टायर सेल कन्टेन्ट्स’ हा पर्याय निवडला तरच फक्त शून्य असलेल्या सेल रिकाम्या होतात. ‘कर’च्या जागी ‘टॅक्स’ घालायला गेलात तर शेतकरी, नोकर आणि आडनावांच्या कॉलममधले सगळे शिरोडकर, पेडणेकर बदलून जातील. उलट बाजूने, ‘शेतकरी’ शोधला तर ‘शेतकऱ्यांना’ सापडत नाही, कारण विभक्तीचा प्रत्यय लागताना सामान्यरूपात शब्दाचे शेपूटच बदलते. त्यासाठी ‘शेतक’ एवढाच तुकडा शोधावा लागतो. एक्सेलमध्ये तारांकन म्हणजे ‘काहीही’. ते शोधून रिकाम्या जागेने बदलले, तर निवडलेल्या भागातला सगळा मजकूर पुसला जातो. खरोखरचे तारांकनच शोधायचे असेल तर त्याआधी टिल्ड हे लाटेसारखे चिन्ह द्यावे लागते.

शहरांची नावे बदलली की हे सगळे एकदम समोर येते. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. देशभराच्या यादीत ‘औरंगाबाद’ सरसकट बदलले, तर बिहारमधला औरंगाबाद जिल्हाही मराठवाड्यात येऊन बसतो. ‘उस्मानाबाद’ बदलले तर पशुधनाच्या यादीतली उस्मानाबादी शेळी ‘धाराशिवी’ होते, आणि त्या नावाची जात कुठेच नाही. यादीत कुणी नुसते ‘संभाजीनगर’ लिहिले असेल आणि त्याच्या जागी पूर्ण नाव घालायला गेलो, तर जिथे पूर्ण नाव आधीपासून आहे तिथे ‘छत्रपती छत्रपती संभाजीनगर’ होते. शिवाय चिंचवडच्या पत्त्यांमध्येही संभाजीनगर आहे. बॉम्बेचे मुंबई १९९५ साली झाले, पण आयआयटी बॉम्बेने आपले नाव तेच ठेवले. कोणते नाव जागेचे आणि कोणते संस्थेचे किंवा जातीचे, हे त्या शेजारच्या कॉलमवरून माणसालाच ठरवावे लागते. म्हणून अशा वेळी ‘रिप्लेस ऑल’ऐवजी ‘फाइंड ऑल’ दाबून आधी पूर्ण यादी वाचून काढणे मला फार महत्त्वाचे वाटते.

एक्सेलमध्ये बदल म्हणजे नुसती खोडाखोड नसते, हे फार कमी लोकांना ठाऊक असते. साध्या जनरल फॉरमॅटच्या सेलमध्ये मजकूर बदलला की नवा मजकूर जणू आत्ताच टाइप केला असे समजून एक्सेल त्याचा अर्थ लावते. जमिनीच्या यादीत गट नंबर ‘१२/३अ’ असा इंग्रजी अंकांत लिहिला आहे. त्यातला ‘अ’ सगळीकडून काढला, की उरलेल्या १२/३ची तारीख होते. सेलमध्ये ७/१२ लिहिले तरी तेच, सातबाराचा ७ डिसेंबर. फोन नंबरमधली आडवी रेघ काढली की ०२२ मधले पहिले शून्य जाते. सोळा आकडी क्रमांकातल्या मोकळ्या जागा काढल्या की शेवटच्या अंकाचे शून्य होते. एक्सेल संख्येचे १५ सार्थ अंकच ठेवते. त्यापुढचे कायमचे जातात आणि नंतर कोणताही शोध त्यांना परत आणू शकत नाही.

तारीख म्हणजे एक्सेलच्या दृष्टीने दिवसांची मोजणी. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरला, की १ मार्च २०२४ हा ४५३५२ होतो. सेलमध्ये प्रत्यक्षात हा आकडा असतो, ‘मार्च’ हा शब्द नसतो. जीवशास्त्रज्ञांना याचा मोठा फटका बसला. मानवी जनुकांमध्ये ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट२’ अशी संक्षिप्त नावे होती, आणि एक्सेल त्यांच्या तारखा करत होते. २०१६ साली ‘जीनोम बायॉलॉजी’ या नियतकालिकात आलेल्या पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका आढळल्या. जनुकांना नावे देणाऱ्या समितीने अखेर नावेच बदलली: ‘मार्च१’चे ‘मार्चएफ१’ आणि ‘सेप्ट२’चे ‘सेप्टिन२’. असे आपोआप होणारे बदल बंद करण्याची सोय मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये दिली. तोपर्यंत शास्त्राने आपली भाषा बदलून घेतली होती, याचे मला अजूनही वाईट वाटते.

यातून वाटही आहे. बदल मूळ कॉलममध्ये न करता शेजारच्या रिकाम्या कॉलममध्ये सबस्टिट्यूट फंक्शनने करावा. त्याचे उत्तर नेहमी मजकूरच असते, तारीख किंवा संख्या होत नाही, आणि मूळ नोंद शेजारी शाबूत राहते. आणखी एक काळजी सूत्रांची. एक्सेलचे रिप्लेस सेलमधल्या दिसणाऱ्या उत्तरावर नाही, तर मागच्या सूत्रावर चालते. १च्या जागी २ घातला, की सूत्रांमधले ए१ चेही ए२ होते आणि बेरीज निमूटपणे चुकते.

युनिकोडपूर्वीच्या फाइलींना मात्र यातले काहीच लागू पडत नाही. कृतिदेव किंवा श्री-लिपीसारख्या फॉन्टांत टाइप केलेल्या जुन्या शीट अजूनही अनेक ठिकाणी आहेत. त्यांत देवनागरी साठवलेलीच नसते. कृतिदेवमध्ये ‘राम’ म्हणजे आत जे, के, ई ही तीन रोमन अक्षरे. फॉन्ट फक्त त्यांचे चित्र मराठी काढतो. युनिकोडमधला ‘राम’ तिथे शोधून काही उपयोग नाही. आधी ती फाइल कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावी लागते. या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराआधी साठवलेली असते आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा आहे, आणि कन्व्हर्टर चुकतो तो बहुधा इथेच. म्हणून रूपांतर झाले की सगळ्यात आधी ‘स्थिती’, ‘वार्षिक’, ‘कार्यकर्ता’ यांसारखे पहिल्या वेलांटीचे आणि रफाराचे शब्द शोधून पाहावेत, आणि ते नीट दिसले तरच पुढच्या कामाला लागावे.