नावाखालची एक ओळ: प्राध्यापकांचे ‘संशोधनाचे विषय’ आले कुठून?

कुठल्याही विद्यापीठातल्या प्राध्यापकांची यादी पाहा. नाव, पदव्या आणि त्याखाली ‘संशोधनाचे विषय’ अशी एक ओळ. पीएच.डी.साठी मार्गदर्शक शोधणारा विद्यार्थी सगळ्यात आधी तीच वाचतो. विद्यापीठं नऊशेहून अधिक वर्षं जुनी आहेत, ही ओळ मात्र जेमतेम दोनशे वर्षांची.

मध्ययुगात बोलोन्या किंवा पॅरिसमध्ये अध्यापकाचं काम ठरलेलं होतं. मान्य ग्रंथ वाचायचा, त्यावर भाष्य करायचं, वादसभेत शंकांना उत्तरं द्यायची. वैद्यकाला गॅलेन आणि इब्न सिना या जुन्या वैद्यांचे ग्रंथ, कायद्याला रोमन सम्राट जस्टिनियनची संहिता. ‘लेक्चर’ या शब्दाचं लॅटिन मूळही ‘वाचणं’ हेच आहे. काही नवं शोधून काढावं, अशी अपेक्षा त्या पदाला जोडलेली नव्हती. अठराव्या शतकात जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटसुद्धा तत्त्वमीमांसा शिकवताना वर्षानुवर्षं बाउमगार्टेनचं पाठ्यपुस्तक समोर ठेवत असे. पाठ्यपुस्तक धरूनच शिकवा, असं प्रशियाच्या सरकारनं 1778 मध्ये बजावलं, तेव्हा कांटच्या प्राकृतिक भूगोलाला सूट मिळाली. कारण त्या विषयाला योग्य पुस्तकच नव्हतं!

बदलाची सुरुवात प्रयोगशाळेत झाली असेल असं आपण धरून चालतो, पण ती झाली फिलॉलॉजीत, म्हणजे प्राचीन ग्रंथांच्या भाषा-अभ्यासात. फ्रीडरिश आउगुस्ट वोल्फ यानं 1787 मध्ये जर्मनीतल्या हाले इथे सेमिनार सुरू केला. तिथे विद्यार्थी नुसते ऐकायला बसत नसत, प्राचीन संहितेवर स्वतः काम करून ते सगळ्यांपुढे मांडत. पुढे 1810 मध्ये बर्लिनचं विद्यापीठ उभं राहिलं. ज्ञान अजून पुरतं हाती लागलेलं नाही असं समजून शिक्षक आणि विद्यार्थी दोघांनी ते शोधत राहावं, ही विल्हेल्म फॉन हुम्बोल्टची भूमिका त्यामागे होती.

रसायनशास्त्रज्ञ युस्टुस लीबिग 1824 मध्ये जर्मनीतल्या गीसेनच्या विद्यापीठात शिकवायला आला तेव्हा 21 वर्षांचा होता. त्याच्या प्रयोगशाळेतलं एक उपकरण मला या सगळ्या इतिहासातली सर्वात बोलकी वस्तू वाटतं. पाच काचेचे फुगे त्रिकोणात जोडलेले, आत पोटॅशचं द्रावण. पदार्थ जाळायचा, निघालेला वायू द्रावणातून जाऊ द्यायचा, आधीचं आणि नंतरचं वजन करायचं. वजनातल्या फरकावरून कार्बन किती ते कळतं. 1831 मधल्या या साधनानं सेंद्रिय पदार्थांचं पृथक्करण हुशार विद्यार्थ्याच्याही आवाक्यात आलं. गुरूचा प्रश्न शिष्यांत वाटून देता येऊ लागला. पुढे नामवंत रसायनशास्त्रज्ञ झालेला हॉफमान तिथेच शिकला. वास्तुशास्त्र शिकायला आलेला केकुले लीबिगची व्याख्यानं ऐकून रसायनाकडे वळला.

अमेरिकेत येल विद्यापीठानं 1861 मध्ये पहिल्या पीएच.डी. दिल्या, 1876 मध्ये संशोधन केंद्रस्थानी ठेवून जॉन्स हॉपकिन्स सुरू झालं. ऑक्सफर्डनं ही पदवी 1917 मध्ये स्वीकारली.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी पैसा आला. अमेरिकेत 1950 मध्ये राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान स्थापन झालं. अनुदान मागायचं तर प्रश्न नेमका लिहून द्यावा लागतो, आणि दुसऱ्या विद्याशाखेतल्या माणसालाही तो ओळखता यावा लागतो. मनातली आवड अशी अर्जातल्या रकान्यात आली.

पण प्रत्येक विद्याशाखा ही ओळ आपल्या पद्धतीनं लिहिते. इतिहासकार काळ आणि प्रदेश सांगतो. रसायनशास्त्रज्ञ पदार्थ आणि तंत्र सांगतो. गणितात तर उपविषयांना क्रमांक देणारं जागतिक वर्गीकरणच आहे, त्यात 11 म्हणजे संख्याशास्त्र नव्हे, संख्यासिद्धान्त! म्हणून दोन विभागांतल्या ओळींची लांबी-रुंदी मोजून कोणाचं काम मोठं हे ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झची ओळ काय झाली असती? 1847 मध्ये ऊर्जेच्या अक्षय्यतेवर निबंध, 1851 मध्ये डोळ्याचा पडदा पाहण्याचं उपकरण, 1863 मध्ये स्वरसंवेदनेवर ग्रंथ. शरीरक्रियाशास्त्राचा हा प्राध्यापक 1871 मध्ये बर्लिनला गेला तो भौतिकशास्त्राच्या अध्यासनावर.