अटलांटिस: नाव आधी, राजपुत्र नंतर

कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये ब्राँझची एक छोटी मूर्ती आहे, पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची. सापडली ती ब्रह्मपुरीच्या टेकडीवर. घाट उतरल्याशिवाय आपल्याला समुद्र दिसत नाही, पण रोमन व्यापाराच्या वाटेनं हा गडी पंचगंगेकाठी पोचला. ह्याच देवाच्या नावानं प्लेटो ह्या ग्रीक तत्त्ववेत्त्यानं इसवी सनापूर्वी 360 च्या आसपास एक अख्खं काल्पनिक बंदर उभं केलं, अटलांटिस नावाच्या खंडाएवढ्या बेटावर, आणि गोष्टीत ते बेट एका दिवस-रात्रीत समुद्रात बुडवलं पण.

आणि डिटेलिंग तर काय विचारू नका. मधे टेकडी, भोवतीनं पाण्याची तीन आणि जमिनीची दोन कडी, समुद्रातनं आत यायला 300 फूट रुंद, 100 फूट खोल आणि नऊएक किलोमीटर लांब कॅनॉल. बांधकामाला पांढरा, काळा, लाल दगड तिथलाच काढला आणि दगड काढून जे खड्डे पडले त्याच्याच जहाजांसाठी गोद्या केल्या, वर छत पण मूळ खडकाचंच. मानलं पाहिजे.

आता नाव. पोसायडनला क्लेइटो नावाच्या तिथल्या मुलीपासून पाच वेळा जुळी झाली, सगळी पोरंच, थोरला ॲटलास म्हणून बेट अटलांटिस आणि समुद्र अटलांटिक, असं प्लेटो सांगतो. पण समुद्राचं हे नाव हेरोडोटस ह्या ग्रीक इतिहासकारानं प्लेटोच्या आधीच लिहून ठेवलंय! ॲटलासचा जुळा भाऊ गादेइरोस, त्याच्यावरनं म्हणे गादेइरा, म्हणजे आजचं स्पेनमधलं कादिझ बंदर. खरं तर ते फिनिशियन ह्या जुन्या दर्यावर्दी व्यापारी लोकांचं गादिर, अर्थ कोट, म्हणजे तटबंदी. म्हणजे नावं आधीपासनं होती, राजपुत्र मागनं जन्माला घातले. कोल्हासुरावरनं कोल्हापूर, ही आपल्याकडची गोष्ट त्यातलीच वाटते मला.

1882 मध्ये इग्नेशियस डॉनेली नावाच्या अमेरिकन माणसानं हे सगळं खरंच घडलं असं पुस्तक लिहिलं आणि तिथनं शोधाशोधीचं खूळ वाढलं. पण महासागराचा तळ बेसॉल्टचा असतोय, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाच्या जातीचा, आणि खंडांचा खडक त्याच्यापेक्षा हलका, त्यामुळं अख्खा खंड एका रात्रीत खाली जाऊन बसणं जमत नाही. शिवाय अटलांटिकच्या मधोमध नवा तळ तयार होत तो दरवर्षी काही सेंटिमीटर रुंदावतोय, बुडालेला खंड तिथं मावणार कुठं?

शहर मात्र बुडू शकतं. इसवी सनापूर्वी 373 मध्ये, प्लेटोच्या हयातीतच, ग्रीसमधलं हेलिके भूकंप आणि लाटेनं रात्रीत गेलं, तिथला मुख्य देव पण पोसायडनच. त्याचे अवशेष 2001 मध्ये मिळाले, ते पण समुद्रात नाही, किनाऱ्यापासून आत, नद्यांच्या गाळाखाली.