पीएफ आणि पेन्शन: कोणत्या पैशावर राहायचं गाव ठरवायचं?

"पेन्शन आली, नऊ लाख," असं सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून ५८ व्या वर्षी निवृत्त झालेला माणूस सहज सांगून जातो. घरचेही तसंच धरून चालतात. पण ती पेन्शन नसते, तो पीएफ असतो. पेन्शन मागायचा १०-डी फॉर्म कधीकधी तोवर भरलेलाही नसतो. आणि याच गोंधळात पुढचा मोठा निर्णय होतो: सोलापुरात राहायचं की पुण्याला मुलाकडे जायचं. म्हणून आधी हे दोन पैसे वेगळे करून बघू.

पगारातून कापलेले तुमचे १२ टक्के सगळेच्या सगळे पीएफमध्ये जातात. मालकही १२ टक्के भरतो, पण त्याचे दोन भाग होतात. ३.६७ टक्के तुमच्या पीएफला, ८.३३ टक्के पेन्शनला. २०१४ च्या सप्टेंबरपासून पेन्शनचा हा वाटा सर्वसाधारणपणे १५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावरच धरतात, म्हणजे महिन्याला फार तर १,२५० रुपये.

पासबुक उघडलं की तीन रकाने शेजारीशेजारी दिसतात: तुमचा, मालकाचा आणि पेन्शनचा. पहिल्या दोन्हींवर दरवर्षी व्याज चढतं, २०२४-२५ साठी ते ८.२५ टक्के होतं. तिसऱ्यावर व्याज दिसत नाही. ते बघून लोक घाबरतात, आपलं व्याज कुणी खाल्लं की काय म्हणून. कुणी खाल्लेलं नसतं. पहिल्या दोन रकान्यांतली रक्कम तुमच्या खात्यात असते. तिसऱ्यातली सगळ्या कामगारांच्या मिळून एका निधीत जाते. तिथून तुम्हाला काय मिळणार हे किती जमलं यावर ठरत नाही, तर पगार आणि नोकरीची वर्षं यांवर ठरतं.

हिशेब असा: शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. सरासरी १४,००० आणि नोकरी १५ वर्षं असेल, तर महिन्याला ३,००० रुपये. यातली काही वर्षं सप्टेंबर २०१४ च्या आधीची असतील तर त्या वर्षांना ६,५०० रुपयांची जुनी मर्यादा लागते, म्हणजे हातात याहूनही कमी येतं. नोकरी २० वर्षं किंवा जास्त भरली असेल तर हिशेबात दोन वर्षं वाढवून मिळतात. कमीत कमी पेन्शन १,००० रुपये, हा आकडा २०१४ चा आहे. आयुष्यभर मागावर आणि मशीनवर उभं राहिलेल्या माणसाला एवढ्यात महिना काढायला सांगणं मला अन्यायाचं वाटतं. आणि या पेन्शनला महागाई भत्ता नाही. पहिल्या महिन्याचा आकडा तोच दहा वर्षांनीही.

तरीही तिचं एक मोल आहे, जे पीएफला नाही. ती मरेपर्यंत येते. मागे राहिलेल्या जोडीदाराला सहसा तिच्या निम्मी मिळते. मात्र त्यामागे मुद्दल उरत नाही, मुलांना वाटून घ्यायला काही नसतं. पीएफचं उलटं आहे. तो एकदाच येतो, तुमच्याच नावाने येतो, आणि खर्च झाला की झाला.

सोलापुरात सगळ्यात जास्त नुकसान कुठे होत असेल तर ते दहा वर्षांच्या अटीपाशी. पेन्शन मिळायला दहा वर्षं नोकरी लागते (साडेनऊ झाली तरी दहा धरतात). आपल्याकडे टॉवेल-चादरीच्या कामात माणूस चार मालक बदलतो. प्रत्येक वेळी नोकरी सुटली की पीएफसोबत १०-सी फॉर्म भरून पेन्शनचेही पैसे उचलतो, दहा-पंधरा हजार हातात पडतात, आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. त्याऐवजी त्याच १०-सी फॉर्मवर स्कीम सर्टिफिकेट मागता येतं. मग आधीची वर्षं पुढच्या नोकरीला जोडली जातात. सहा वर्षं एका कारखान्यात, पाच दुसऱ्यात, अशी अकरा वर्षं मिळून पेन्शन बसते. घरात कुणी तिशी-चाळिशीतला कामगार असेल तर त्याला हे आजच सांगा.

आता राहायच्या जागेचं. नऊ लाख पीएफ आणि तीन हजार पेन्शन असलेलं सोलापूरच्या पूर्व भागातलं जोडपं घ्या, घर स्वतःचं. ५८ व्या वर्षी निवृत्त झालेल्याला पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घालता येतात, साठीची वाट बघावी लागत नाही. ८.२ टक्क्यांनी नऊ लाखांचे तिमाहीला १८,४५० येतात, म्हणजे महिन्याला ६,१५०. पेन्शन धरून ९,१५०. भाडं नसेल तर सोलापुरात दोघांचं एवढ्यात चालतं. ओढाताण होते, पण चालतं. आता तेच नऊ लाख मुलाच्या पुण्याजवळच्या वाघोलीतल्या फ्लॅटच्या पहिल्या हप्त्याला गेले, तर उरतात तीन हजार. मग पुण्यात राहणं हा निर्णय उरतच नाही. दुसरीकडे राहणं परवडतच नाही म्हणून तिथे राहावं लागतं, औषधाच्या गोळीसाठीही सुनेकडे बघावं लागतं.

म्हणून माझं ठाम मत आहे: राहायचं गाव दर महिन्याच्या पैशावर ठरवा, एकदाच आलेल्या रकमेवर नाही. मुलाला मदत करूच नये असं मी म्हणत नाही. पण पीएफ मोडण्याआधी महिन्याचा हिशेब कागदावर मांडा, आणि तो बायकोसमोर मांडा. बहुतेक वेळा मागे तीच राहते, आणि तिला मूळ पेन्शनची निम्मीच मिळणार असते.

सोलापूरची बाजू घेताना खोटं बोलायचं नाही. उजनीचं पाणी उशाला असून नळाला रोज येत नाही, साठवलेल्या पाण्यावर दिवस काढावे लागतात. मे महिन्यात पत्र्याच्या घरात म्हाताऱ्या माणसाचे हाल होतात. नातवंडं दूर, ही खंत वेगळीच. माझे मामा-मामी दाजी पेठेत राहतात आणि उन्हाळ्यात पुण्याला लेकाकडे जातात. हुतात्मा एक्सप्रेसने चार-साडेचार तासांचा तर प्रवास. मुलाच्या घरी ते पाहुणे म्हणून मानाने राहतात, कारण परत यायला स्वतःचं दार आहे. पीएफ त्यांनी मोडला नाही, म्हणून हे जमतं.

ज्यांना खरंच कायमचं जायचं आहे, त्यांनी पेन्शन इथल्या बँकेत आहे म्हणून अडून बसू नये. १ जानेवारी २०२५ पासून पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेतून, कुठल्याही शाखेतून मिळते. गाव बदललं म्हणून पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) इकडून तिकडे हलवायची गरज राहिली नाही. वर्षातून एकदा हयातीचा दाखला मात्र द्यायचाच. तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो आणि दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. तो राहिला की पेन्शन थांबते.

दवाखान्याचं मात्र जाण्याआधी बघून घ्या. नोकरीत ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल आणि निवृत्तीपर्यंत किमान पाच वर्षं तो भरलेला असेल, तर वर्षाला १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांना ईएसआयचे उपचार पुढेही मिळतात. हे फारच थोड्यांना माहीत असतं, कारखान्यातून निघताना कुणी सांगत नाही. त्यासाठी निवृत्तीचा दाखला मालकाकडून त्याच वेळी मागून घ्या. आणि मुलाच्या घरापासून ईएसआयचा दवाखाना किती लांब आहे, तिथे रिक्षाने जायला किती पडतात, हे सामान हलवण्याआधी स्वतः जाऊन बघून या.