16.7 मिलिसेकंदांचा हिशेब

बारावीची परीक्षा संपल्यावर अकोल्याच्या भाच्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर एक यादी पाठवली. "मामा, गेमिंग पीसी बांधतोय. बघ ना एकदा." आठ कोअरचा (म्हणजे आठ कामं एकाच वेळी करू शकणारा) महागडा प्रोसेसर, आरटीएक्स 4060 ग्राफिक्स कार्ड, 16 जीबी रॅमची (चालू कामाची माहिती ठेवणाऱ्या मेमरीची) एकच स्टिक आणि कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा, कंपनीचं नाव कधी न ऐकलेला एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. मॉनिटरचा यादीत पत्ताच नव्हता. विचारलं तर म्हणाला, "बाबांचा जुना आहे की घरी."

तो जुना मॉनिटर 60 हर्ट्झचा होता, आणि माझ्या मते हिशेब तिथूनच सुरू व्हायला हवा.

60 हर्ट्झचा पडदा सेकंदात 60 वेळा चित्र बदलतो. म्हणजे एका चित्राला 16.7 मिलिसेकंद मिळतात. 144 हर्ट्झचा पडदा घेतला तर जेमतेम 7. तेवढ्या वेळात काय काय उरकायचं असतं, हे समजायला ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांसमोर आणा. कुठला खेळाडू कुठे उभा आहे, गोळी कशाला लागली, भिंत कुठे संपते, हा आराखडा प्रोसेसर ठरवतो. त्यात रंग भरायचं काम ग्राफिक्स कार्डाचं. फुल एचडी पडद्यावर 1920 गुणिले 1080, म्हणजे 20 लाख 73 हजार 600 ठिपके असतात. सेकंदाला 60 चित्रं धरली तर बारा कोटींच्या वर ठिपके रंगवून द्यायचे. 4के पडद्यावर ठिपके बरोबर चौपट होतात.

मेख अशी, की पडद्यावरचे ठिपके वाढवले तरी आराखडा जवळपास तेवढाच राहतो, वाढतं ते रंगकाम. म्हणून 4के वर खेळणाऱ्यानं कार्डावर पैसे ओतावेत. फुल एचडीवर सेकंदाला दोनशे चित्रं हवी असणाऱ्याला प्रोसेसरही तितकाच तगडा लागतो. भाच्याच्या जुन्या पडद्यावर मात्र कार्डानं दीडशे चित्रं काढली, तरी पुरी दिसणार साठच. (माउसची हालचाल जरा लवकर पोचते, एवढा फायदा असतो, पण त्यासाठी कोणी लाखभर रुपये घालत नाही.)

कोण कोणासाठी खोळंबलंय, हे ओळखायची एक फुकटातली युक्ती आहे. गेमच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन, म्हणजे ठिपक्यांची संख्या, कमी करून पाहा. चित्रांचा वेग वाढला, तर अडत होतं कार्डामुळे. वेग ढिम्म हलला नाही, तर कार्ड रंगाची वाटी हातात धरून आराखड्याची वाट बघत बसलं होतं. जुना पीसी सुधारायला निघालेल्यांनी खरेदीआधी हे जरूर करावं.

प्रोसेसर तरी सारखा कामात असतो का? तोही वाट बघतो, रॅमची. 5 गिगाहर्ट्झचा प्रोसेसर 0.2 नॅनोसेकंदात एक ठोका पुरा करतो. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम 6 सेंटिमीटर जातो. रॅमकडे काही मागितलं तर ते हातात पडायला साधारण 80 नॅनोसेकंद लागतात, म्हणजे चारशे ठोके वाया. म्हणून प्रोसेसरच्या पोटातच कॅश नावाची लहानशी, चपळ मेमरी ठेवतात. एएमडी या चिप कंपनीनं 2022 मध्ये रायझन 7 5800एक्स3डी हा प्रोसेसर काढला, तेव्हा मूळच्या 32 एमबी कॅशवर आणखी 64 एमबीचा पोटमाळा चढवला. त्याचा कमाल वेग साध्या 5800एक्सपेक्षा कमी होता, 4.7 च्या जागी 4.5 गिगाहर्ट्झ. तरी बहुतेक गेममध्ये तोच पुढे गेला, कारण त्याच्या रॅमकडच्या फेऱ्या वाचल्या. दुकानात गिगाहर्ट्झचा आकडा दाखवून कोणी भुलवू लागलं, तर हे उदाहरण आठवावं.

हेच रॅमच्या स्टिकचं. 16 जीबीची एक घेण्यापेक्षा 8-8 च्या दोन घ्याव्यात, कारण मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग ज्यात बसतात त्या मुख्य पाटीवर, रॅमकडून प्रोसेसरकडे जाणारे दोन रस्ते असतात आणि एका स्टिकनं एकच वापरात येतो. चार खाचा असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी वापरायची. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते: 6000 च्या वेगाची म्हणून विकत घेतलेली डीडीआर5 प्रकारची रॅम बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन तिचं वेगाचं प्रोफाइल चालू करेपर्यंत बहुधा 4800 वरच धावते. 2025 च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यापासून रॅमचे भाव असे भडकलेत, की विकत घेतलेला वेग न वापरणं परवडणारं नाही.

कार्डाची मेमरी वेगळी. 4060 ची स्वतःची 8 जीबी मेमरी सेकंदाला 272 जीबी माहिती पुरवते. गेमनं त्याहून जास्त जागा मागितली, की उरलेला माल मुख्य रॅममधून मदरबोर्डच्या रस्त्यानं आणावा लागतो, आणि या कार्डासाठी त्या रस्त्याची रुंदी सेकंदाला जेमतेम 16 जीबी. सतरा पट अरुंद! गुळगुळीत चाललेला गेम मध्येच झटके देऊ लागतो, तो बऱ्याचदा यामुळे.

एसएमपीएसवरून आमचं भांडण झालं. "लाइटच तर द्यायची ना त्याला?" असं भाच्याचं म्हणणं. पण कार्ड नळाच्या संथ धारेसारखी वीज घेत नाही. मोठी कार्डं सेकंदाच्या अगदी बारीक तुकड्यात एकदम कितीतरी जास्त वीज ओढतात. म्हणून पीसीच्या एसएमपीएससाठीच्या 2022 च्या एटीएक्स 3.0 मानकानं एसएमपीएसला अट घातली, की नेमून दिलेल्या क्षमतेच्या दुप्पट भार 100 मायक्रोसेकंद पेलता आला पाहिजे. फुकटचा डबा अशा वेळी बंद पडला तर नशीब, नाहीतर सोबत मदरबोर्डही घेऊन जातो. माझा एक गेलाय, म्हणून बोलतोय.

राहिली उष्णता. पीसीनं घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. 350 वॉटचा पीसी म्हणजे खोलीत 350 वॉटची शेगडी. परदेशातले परीक्षक वीस-बावीस अंशांच्या खोलीत हीटसिंक (चिपची उष्णता हवेत सोडणारा धातूचा ठोकळा) तपासतात आणि सांगतात, प्रोसेसर 70 अंशांवर राहिला. म्हणजे तो खोलीपेक्षा सुमारे 50 अंशांनी तापला. अकोल्यात मे महिन्यात खोलीच 40 अंशांवर असते. तिथे तोच प्रोसेसर तेवढंच काम करताना नव्वदीला टेकतो आणि 95 च्या आसपास जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करतो. हीटसिंकचा पंखा कितीही फिरवा, तो चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. वऱ्हाडातला पाण्याचा कूलर मात्र खोलीची हवाच थंड करतो, कारण ताट्यांवरचं पाणी बाष्प होताना हवेतली उष्णता घेऊन जातं. तेव्हा त्या कूलरनं खोली थंड करावी, पण पीसी त्याच्या झोतात ठेवू नये. बारीक तुषार उडतात आणि खाऱ्या पाण्याचा पांढरा थर बसतो.

शेवटी यादी अशी झाली: प्रोसेसर सहा कोअरचा, रॅमच्या दोन स्टिक, बऱ्या कंपनीचा एसएमपीएस, समोरून जाळीचं कॅबिनेट, आणि वाचलेल्या पैशांत 144 हर्ट्झचा मॉनिटर. कार्ड तेच ठेवलं.

जूनमध्ये भाच्याचा फोन आला. पाऊस नव्हता आणि कार्डाचा पंखा किंचाळत होता. त्याला व्होल्टेज थोडं उतरवायला सांगितलं. चिपला लागणारी बरीचशी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ते दहा टक्के उतरवलं तर 0.9 गुणिले 0.9, म्हणजे 0.81, आणि तेवढ्याच वेगात जवळपास एकोणीस टक्के उष्णता कमी. कारखान्यात सगळ्यात कमकुवत चिपही चालावी म्हणून व्होल्टेज थोडं चढंच ठेवतात, त्यामुळे बहुतेकांच्या चिपला एवढं नाही तरी थोडं उतरवणं झेपतं. त्यानं पायरीपायरीनं उतरवलं. सहाव्या पायरीला गेम बंद पडला, तेव्हा पाचवीवर परत आला. आता पंख्याचा आवाज ऐकू येत नाही म्हणतो. मागे ताईच्या हाका ऐकू येत होत्या, त्याही त्याला ऐकू येत नव्हत्या.