द्राक्षवेल, अंजीर आणि नवगावचा किनारा

‘तलवारी मोडून फाळ करतील’ ही बायबलमधली ओळ पुष्कळांना ठाऊक असते. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आवारात त्यावरचा पुतळाही आहे. १९५९ साली सोव्हिएत संघाने दिलेला, हे विशेष! ओळ यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथात दुसऱ्या अध्यायात आहे आणि जवळपास त्याच शब्दांत मीखा या दुसऱ्या संदेष्ट्याच्या चौथ्या अध्यायातही. योएल या तिसऱ्या संदेष्ट्याने तर ती उलटी फिरवली: फाळ मोडा, तलवारी करा.

मीखा मात्र फाळापाशी थांबत नाही. जो तो आपल्या द्राक्षवेलाखाली, आपल्या अंजिराखाली बसेल आणि त्याला कोणी भिववणार नाही, असं तो पुढे म्हणतो. यशयात हे नाही. शलमोन राजाच्या राज्यातल्या सुखाचं वर्णनही याच शब्दांत येतं, म्हणजे ही सुखाची जुनीच कल्पना असावी.

मीखा यहूदाच्या राज्यातल्या लाखीश शहराच्या बाजूच्या मोरेशेथ गावचा, इसवीसनपूर्व आठव्या शतकातला. ७०१मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. तटबंदीची ४६ शहरं घेतल्याची बढाई त्याच्याच लेखात आहे. लाखीशच्या पाडावाची शिल्पं त्याने निनवेच्या राजवाड्यात लावली. पण भीती फक्त परचक्राची नव्हती. अंथरुणात पडल्यापडल्या बेत करायचे आणि उजाडताच दुसऱ्याची शेतं, घरं बळकवायची, अशा घरच्याच धनदांडग्यांना मीखा दुसऱ्या अध्यायात झोडपतो. झाड ‘आपलं’ असण्यावर त्याचा भर का, ते इथे कळतं.

कोकणात या संदेष्ट्यांची नावं घेणारे जुने लोक म्हणजे बेने इस्राएल, इथले मराठी बोलणारे ज्यू. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं, सात पुरुष नि सात बायका वाचल्या, ही त्यांची परंपरा. पोथ्या समुद्रात गेल्या. उरला शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा, सुंता आणि ‘शेमा इस्राएल’ ही प्रार्थना. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागलं. कोणी आंग्र्यांच्या चाकरीत, कोणी जंजिऱ्याच्या सिद्दीच्या. तलवार सुटली नव्हतीच, पण धर्मापायी त्यांना इथे कोणी छळलं नाही.

मराठी बायबल आणि हिब्रूचं शिक्षण एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांबरोबर आलं. अलिबागचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १८४८चं. पण घराघरांतला लाडका संदेष्टा मीखा नव्हे, एलियाहू हन्नावी, म्हणजे संदेष्टा एलीया. ‘त्या मोठ्या दिवसाआधी एलीयाला पाठवीन’ असं मलाखी या संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या शेवटी आहे. एलीयाच्या रथाची खूण अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर दाखवतात. नवस फेडताना, लग्नाआधी, घर बांधल्यावर पोहे, गूळ, ओलं खोबरं आणि फळांचा मलिदा त्याच्याच नावाने होतो. द्राक्ष-अंजिराच्या जागी इथे नारळ आला, एवढंच.

१९४८नंतर बहुतेक घरं इस्राएलला गेली. अंजिराची झाडं तिथे मुबलक. आडनावं मात्र किहीमकर, पेणकर, नवगावकर.