मूल सांभाळण्याचे पैसे आजवर कोणी मोजले?

दोघंही नोकरी करणाऱ्या घरात बाळ पाच-सहा महिन्यांचं झालं, की एका रात्री कागद-पेन घेऊन हिशेब मांडला जातो. आईची रजा संपत आलेली असते. एका बाजूला तिचा हातात येणारा पगार. दुसऱ्या बाजूला पाळणाघराचे महिन्याचे पैसे, प्रवेशाच्या वेळी भरायची रक्कम, डबा आणि डायपर वेगळे, संध्याकाळी न्यायला उशीर झाला तर तासावर आकार. बाळाला ताप असेल तर पाळणाघर घेत नाही, म्हणून त्या दिवसांची रजाही धरायची. पुण्या-मुंबईतल्या बऱ्यापैकी पाळणाघराचा महिन्याचा आकडा आता सहज पाच अंकी होतो. मग घरातलं कोणीतरी विचारतंच, 'एवढे पैसे घालवून नोकरी करायची तरी कशाला?' हा प्रश्न नेहमी आईच्या पगाराकडे बघून विचारला जातो. बापाच्या पगारातून पाळणाघर वजा करून त्याच्या नोकरीचा विचार झालेला मी तरी पाहिलेला नाही.

'आमच्या वेळी हे खर्च नव्हते' असं वडीलधारी म्हणतात, तेव्हा ती खोटं बोलत नसतात. पावती फाडली जात नव्हती, हे खरंच. पण मूल सांभाळण्याची किंमत तेव्हाही होती. ती दुसरं कोणीतरी चुकती करत होतं, आणि त्याचं नाव वहीत लागत नव्हतं.

गिरणगावापासून सुरुवात करू. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत साधारण दर पाच कामगारांमागे एक बाई होती. रिळं भरण्याच्या खात्यात तर बायकाच जास्त. कोकणातून किंवा घाटावरून आलेल्या या बाईच्या दहा बाय दहाच्या खोलीत सासू असेलच असं नव्हतं. सासू गावी शेती सांभाळत होती. मग तान्ह्या मुलाचं काय करायचं? उत्तर होतं बाळगोळी. घरोघरी सहाणेवर उगाळतात ती बाळगुटी वेगळी. बाळगोळीत अफू असे. सकाळी चाटवली की मूल गुंगून पडे आणि आई पाळीला जाई. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या डॉक्टरबाईंना गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला नेमलं होतं. त्यांना आढळलं, की या बायकांच्या जवळपास सगळ्याच तान्ह्या मुलांना अफू दिली जात होती. आईचा निष्काळजीपणा म्हणून हे सोडून देणं सोपं आहे. पण अफूची गोळी हा तिला परवडणारा एकमेव सांभाळ होता.

काही मोजक्या गिरण्यांनी आवारात पाळणाघरं काढली होती. ती भरत नसत. एक तर पहाटेच्या गर्दीतून तान्हं मूल गिरणीपर्यंत न्यायचं. वर परक्या बाईच्या हातचं दूध, आणि त्यात जातीचे विटाळ-चांडाळ. मालकांना 'बघा, आम्ही सोय केली तरी या येत नाहीत' म्हणायला तेवढं पुरेसं होतं.

पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न पहिल्यांदा उघडपणे निघाला तो बाळंतपणाच्या रजेवरून. जुलै १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर चर्चा झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा दिला. त्यांचा मुद्दा आज पुन्हा वाचावा असा आहे. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, तेव्हा त्याचा बराचसा भार सरकारने उचलायला हवा; मात्र बायकांना कामावर ठेवून मालकाला फायदा होतो, म्हणून तोही पूर्ण सुटू शकत नाही, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ साली कायदा झाला, देशातला तसा पहिलाच. सरकारने मात्र स्वतःच्या वाट्याचं काही उचललं नाही. सगळा भार मालकावर टाकला.

तिथून एक खोड लागली ती आजवर सुटलेली नाही. १९३४ च्या कारखाना कायद्याने प्रांतांना मुभा दिली, की पन्नासहून जास्त बायका असलेल्या कारखान्यात मुलांसाठी खोली ठेवायला लावा. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४८ व्या कलमाने ते बंधनकारक झालं: सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर, पण पन्नासहून जास्त बायका कामाला असतील तरच. १९७६ साली ही अट तीसवर आली. चहाचे मळे, विडी कारखाने, बांधकामं यांच्या कायद्यांतही तीच तऱ्हा, फक्त आकडे थोडे इकडेतिकडे. बायका मोजून खर्च लावला, की मालकाचा हिशेब साधा होतो: बायका कमी ठेवा. गिरण्यांतून बायका कमी होत गेल्या त्याला यंत्रं, रात्रपाळीवरची बंदी अशी इतरही कारणं होती. पण प्रत्येक बाईच्या डोक्यावर एक जादा खर्च लटकवून ठेवल्याने तिची नोकरी सुरक्षित झाली नाही, हे नक्की. बाळंतपणाच्या पैशाचा प्रश्न राज्य कामगार विम्याने बराच सोडवला, कारण तिथे सगळ्यांच्या वर्गणीतून निधी जमतो आणि अमुक मालकाकडे बायका किती, याला महत्त्व उरत नाही. पाळणाघराला असा निधी कधी मिळालाच नाही.

खेड्यात हिशेब वेगळा होता. तिथे किंमत थोरल्या बहिणीने चुकवली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा त्यांना दिसलं ते असं: मोठ्या मुली शाळेत येत नाहीत, कारण कडेवर भावंड असतं. त्याला कुठे ठेवून येणार? मग शाळेलाच पाळणाघर आणि बालवाडी जोडली, आणि 'विकासवाडी' उभी राहिली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. मुलं बालवाडीपर्यंत येत नसतील तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची, म्हणून अंगणवाडी. हा शब्द पुढे सगळ्या देशाने उचलला.

शब्द उचलला, पण पाळणाघर मागेच राहिलं. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रात तिची सुरुवात मेळघाटातल्या धारणीपासून झाली. पोषण, लसीकरण, तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शाळापूर्व शिक्षण, अशी तिची रचना. अंगणवाडीने महाराष्ट्राला काय दिलं याचं मोल मोठं आहे आणि ते काम सेविकांनी तुटपुंज्या मानधनावर केलं. पण ती चारेक तास चालते. तीन वर्षांखालचं मूल तिथे दिवसभर राहत नाही. शेतावर, धुणीभांडी करायला किंवा रोजगार हमीवर जाणाऱ्या आईचा दिवस चार तासांचा नसतो. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्याने एक चांगली तरतूद केली: कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं आली, तर मजूर बायांपैकीच एकीला ती सांभाळायला बसवायचं आणि तिला मजुरी द्यायची. ऊसतोडीला ही सोयही नाही. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो, उचल त्या जोडीवर मिळते, त्यामुळे बाईने मागे राहणं परवडत नाही. बीडकडून निघालेल्या टोळ्यांत बाळ झोळीत, आणि झोळी हलवायला आठ-दहा वर्षांची बहीण. कोसबाडला दिसलेली तीच मुलगी.

शहरी मध्यमवर्गाचं पाळणाघर या सगळ्यापेक्षा तरुण आहे. १९६९ साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यानंतर शाखा वाढल्या. बँक, विमा, टेलिफोन, मंत्रालय, महापालिका इथे शिकलेल्या मराठी बायका मोठ्या संख्येने लागल्या. डोंबिवली, ठाणे, दादर, पुण्यात सदाशिव पेठ, कोथरूड इथल्या इमारतींच्या जिन्यापाशी हाताने रंगवलेल्या पाट्या दिसू लागल्या: 'येथे लहान मुले सांभाळली जातील.' आत दोन खोल्या, सतरंजी, आणि काकू. कधी त्या आजी, कधी मावशी. काही विधवा होत्या, काही निवृत्त शिक्षिका, काहींच्या नवऱ्याची गिरणी १९८२ च्या संपानंतर सुटलेली. मूल तिथे वरणभात खाई, दुपारी झोपे, दिवेलागणीला 'शुभंकरोति' म्हणे, आणि आई लोकलमध्ये वाटाणे सोलत परत येई. पैसे परवडत.

परवडत का होते, तर काकूंची जागा त्यांची स्वतःची होती आणि काकूंच्या श्रमाला भाव नव्हता. 'नाहीतरी घरीच असते' या तीन शब्दांत त्यांचा पगार निम्म्यावर येई. आज भाव चढले म्हणून नव्या पाळणाघरांना नावं ठेवताना हे विसरता येत नाही. एक बाई तीन-चार तान्ह्या मुलांच्या वर नीट सांभाळू शकत नाही. या कामात यंत्र लावून वेळ वाचत नाही. त्यात व्यापारी दराचं भाडं, सोसायटीची परवानगी, कॅमेरे, शिकलेल्या ताया. आणि काकूंची सून आता स्वतःच सकाळी आठला बाहेर पडते.

स्वस्त सांभाळ म्हणून उरले आजी-आजोबा. मुलगा म्हणजे दूध आणि नातवंड म्हणजे दुधावरची साय, अशी म्हण आहे. पण साय सांभाळायची तर बासष्टाव्या वर्षी कोल्हापूरचं घर बंद करून हिंजवडीला अठराव्या मजल्यावर राहायला यावं लागतं, हे म्हणीत नाही. अमेरिकेतल्या मराठी घरांत तर याचं वेळापत्रकच असतं. पर्यटक व्हिसावर एका वेळी साधारण सहा महिने राहता येतं, म्हणून आधी तिची आई येते, मग त्याची. दोघींच्या पाळ्या संपेपर्यंत बाळ वर्षाचं होतं आणि तिथल्या महागड्या डे-केअरचं एक वर्ष वाचतं.

सरकारी पाळणाघरं नव्हतीच असं नाही. केंद्राची योजना १९७५ पासून होती, २००६ साली ती राजीव गांधींच्या नावाने एकत्र झाली. दारिद्र्यरेषेखालच्या घरासाठी महिन्याला वीस रुपये, इतकी नाममात्र फी होती. देशभर वीस हजारांहून जास्त पाळणाघरं होती. २०१७ च्या सुरुवातीला केंद्राने आपला वाटा ९० टक्क्यांवरून ६० वर आणला आणि बाकीचा भार राज्यांवर व संस्थांवर टाकला. तीन-चार वर्षांत ती सात हजारांच्या आत आली. विशेष म्हणजे त्याच २०१७ साली प्रसूती लाभ कायदा दुरुस्त झाला. रजा १२ वरून २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं झालं. या वेळी मोजणी बायकांची नव्हे, सगळ्या कर्मचाऱ्यांची, ही खरी सुधारणा. मालकाच्या माथ्यावरचा भार मात्र तसाच. आणि ऑफिस अंधेरीला, घर बदलापूरला असेल तर त्या पाळणाघराचा उपयोग गिरणीतल्या पाळणाघराइतकाच: गर्दीच्या लोकलमधून बाळ कोण नेणार?

सरकारी नोकरीत असलेल्यांना वेगळा आधार आहे. केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना २००८ पासून ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते, महाराष्ट्राने २०१८ साली १८० दिवसांची दिली. खासगी नोकरीत यातलं काही नाही. तिथे एक जण सकाळची पाळी घेतो, दुसरी रात्रीची; किंवा घरून काम, मांडीवर मूल आणि माइक बंद. नाहीतर बारा तासांची बाई.

ही बाई सकाळी आठला येते. तिचंही मूल दोन-तीन वर्षांचं असतं. २०२२ पासून केंद्राच्या 'मिशन शक्ती' या महिलांसाठीच्या कार्यक्रमात 'पाळणा' नावाची योजना आहे, तिच्यात अंगणवाडीलाच दिवसभराचं पाळणाघर जोडायचं ठरलं आहे; देशभरासाठी १७ हजारांचं उद्दिष्ट आहे. या बाईच्या वस्तीतली अंगणवाडी मात्र अजून दुपारी सुटते. ती घरी पोचते रात्री नऊला. मधल्या वेळात मूल शेजारच्या सातवीतल्या मुलीकडे असतं, आणि त्या मुलीला महिन्याला काय द्यायचं ते अजून ठरलेलं नाही.